आठव्या मजल्याचं आभाळ

१

सप्टेंबर सरत आला की कैरोच्या लोकांना समुद्राचा कंटाळा येतो. गाड्यांच्या टपांवर छत्र्या आणि घडीच्या खुर्च्या बांधून ते निघून जातात आणि मागे त्यांच्या इमारती उरतात. फैरूझ बुर्ज ही त्यांतली सगळ्यांत मूर्ख इमारत, असं सफिनाजचं पहिल्या दिवसापासूनचं मत होतं. चौदा मजले, समुद्राकडची अख्खी बाजू काचेची आणि दारावर सोनेरी शिंपला. समुद्र दिसावा म्हणून एवढी काच लावायची आणि ऊन लागतं म्हणून आतून पडदे ओढून झोपायचं, ही कुठली अक्कल?

पण तिला तिथे मत द्यायला नेमलं नव्हतं. मोजायला नेमलं होतं. रोज फटफटायच्या सुमारास ती बुर्जासमोरच्या बुटक्या भिंतीवर येऊन बसायची. अंगात विद्यापीठाचं खाकी जाकीट, गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. रात्रभर समुद्र ओलांडून आलेले लावे आणि होले त्या तासाभरात किनाऱ्याला लागायचे. त्यांतले किती काचेवर आपटले, कोणत्या मजल्यावर, आणि त्या वेळी हवा कशी होती, एवढंच लिहायचं. वारा कुठून, ढग किती खाली, समुद्रावर धुकं आहे की नाही. धुकं असलं की पक्षी खालून उडतात आणि जास्त मरतात, असा निबंध तिचे मार्गदर्शक डॉक्टर वगीह अलेक्झांड्रियात बसून लिहीत होते. निष्कर्ष लिहून झाला होता, आकडे यायचे होते. स्वतः त्यांनी एक पहाटसुद्धा त्या भिंतीवर काढली नव्हती.

सफिनाज समुद्राकडे पाठ करून बसायची. काच समोर हवी, हे एक कारण. दुसरं कारण वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. लावे माणसाच्या उंचीवरून फर्रकन येत, आणि येताना दिसले की ती दर वेळी किंचाळत असे. पाठ केली की निदान दिसत नसत. मग समुद्रावरच्या आभाळाचा रकाना ती काचेतल्या प्रतिबिंबावरून भरायची. आठव्या मजल्यावरची मधली काच सगळ्यांत स्वच्छ होती. तिच्यात समुद्र दिसायचा, क्षितिज दिसायचं. मान कशाला मोडून घ्यायची?

धप्प आवाज झाला की बुर्जाचा राखणदार शाझली, सगळ्यांचा 'अम्म' म्हणजे काका, सुरी घेऊन धावायचा. साठीचा माणूस, अंगातला फाटका गलाबिया, तो घोळदार लांब झगा, गुडघ्यापर्यंत खोचलेला. पक्षी जिवंत आहे तोवर अल्लाचं नाव घेऊन मान कापली तर खाता येतो. मेल्यावर हात लागला तर हराम. त्यामुळे त्याचं धावणं मोठं बघण्यासारखं असे.

"अम्म शाझली, एक दिवस तुम्हीच आपटाल काचेवर."

"मग लिहून ठेव, डॉक्टरीणबाई. 'एक म्हातारा. मजला शून्य.' मोठी पदवी देतील तुला."

"तुमच्या या लाव्यांपायी माझे आकडे चुकतात. मी मोजायच्या आत तुमच्या टोपलीत."

"तू मोजून काय त्यांना जिवंत करणार आहेस? माझ्या हातून निदान कुणाच्या पोटात तरी जातात."

हे म्हणताना त्याने एका लाव्याला पायाच्या बोटाने बाजूला सारलं. पक्षी अजून पंख मारत होता.

"हा नाही घेत?"

"आठव्याचा आहे. मधल्या काचेचा."

"मग?"

"त्यांना रक्त नसतं." सुरी गलाबियाला पुसत तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात चार कापले. फडफडत होते, असेच. सुरी फिरवली, तर कोरडं. जणू कापूस कापला. काचेला लागायच्या आधीच मेलेले असतात ते."

"मेलेले उडतात?"

"ते मला काय विचारतेस? शिकलेली तू."

सफिनाज हसली. अडाणी माणसाला सकाळी सकाळी कोण समजावत बसणार? पण मांजरं त्या लाव्यापाशी आली, हुंगून निघून गेली, तेव्हा तिने वहीचं पान उलटलं. उलटण्यासारखं काही नव्हतं, तरी.

२

आपटलेला पक्षी गरम असतो. रात्रभर पंख मारून आलेला जीव. हातात घेतला तर चुलीतून काढलेल्या बटाट्यासारखा लागतो. मेलेल्या पक्ष्यांच्या पायाला चिठ्ठी बांधून बर्फाच्या पेटीत ठेवायचं काम सफिनाजचंच होतं. दोन महिन्यांत तिने शेकडो हाताळले होते. पहिले काही दिवस रडून झालं होतं. आता ती चिठ्ठी बांधता बांधता पावात घेवड्याची उसळ भरून खायची.

दुसऱ्या दिवशी तिने आठव्याच्या काचेवर होला आपटताना स्वतः पाहिला. दुर्बिणीतून. तो पडला, ती चालत गेली, मोजून चाळीस पावलं, आणि उचलला.

तो थंड होता. नुसता गार नाही. पेटीतून आत्ता काढल्यासारखा.

तिचा हात झटकला गेला आणि होला फरशीवर पडला. पडताना आवाजही धड झाला नाही. आधी तिने इकडेतिकडे पाहिलं, शाझलीने पाहिलं तर नाही ना. मग स्वतःला झापलं. वारा गार आहे. समुद्रावरून आलाय. पिसं ओली असतील. तुझेच हात थंड असतील, बाई, आणि तुला लागतंय सगळं जग थंड. तिने त्याच हाताने शेजारी पडलेला दुसरा होला उचलला, तिसऱ्या मजल्याचा. तो गरम होता.

दोन्ही चिठ्ठ्यांवर तिने सारखंच लिहिलं. तापमानाला रकाना नव्हता.

३

डॉक्टर वगीह फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नसत.

"बाईसाहेब उठल्या का?"

"डॉक्टर, मी किनाऱ्यावरून आत्ताच..."

"कोणत्या किनाऱ्यावरून? तुमच्या पलंगाच्या किनाऱ्यावरून? माझ्यासमोर तुझ्या वहीची नक्कल आहे आणि वेधशाळेचे कागद आहेत. गेल्या तीन आठवड्यांत नऊ दिवस त्यांनी समुद्रावर दाट धुकं लिहिलंय. तू नऊही दिवस काय लिहिलंस? निरभ्र! निरभ्र! निरभ्र! आणि त्याच नऊ दिवशी सगळ्यांत जास्त पक्षी मेलेत. माझा निबंध गाढवाच्या पाठीवर उलटा बसवलास तू."

"मी बघूनच लिहिलं. काचेत दिसतं सगळं."

"काचेत?"

"आठव्या मजल्याच्या. तिथे क्षितिज स्वच्छ दिसतं, म्हणून..."

 पलीकडे ते हसले, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं.

"जमिनीवर बसून आठव्या मजल्याच्या उभ्या काचेत वर बघितलं तर काय दिसतं, सफिनाज? फक्त आभाळ. क्षितिज कुठून दिसणार? नववी पास कशी झालीस? खोटं बोलायचं तर जरा अभ्यास करून तरी बोल. गुरुवारी मी स्वतः येतोय. तुझ्या त्या काचेत मला क्षितिज दाखव. नाही दिसलं, तर विभागातून नाव खोडलं. दुसऱ्या कुणाच्या हाताखालीही घेऊ देणार नाही."

नाव खोडलं म्हणजे परत गावी, टांटाला. टांटा म्हणजे मामांचं शिलाईयंत्रांचं दुकान, वरच्या खोलीत मामी, आणि मामींचं ते वाक्य, 'पक्षी मोजायला शिकवलं का तुला?' इतक्या वर्षांची धडपड, आणि शेवटी त्या बाईचं बरोबर ठरणार. सफिनाजला रडू आलं नाही. तिने वही काढून ते नऊ दिवस पुन्हा वाचले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी भिंतीवर बसली. आठव्याच्या काचेत पाहिलं. समुद्र निळा, क्षितिज रेघ मारल्यासारखं, आभाळात एक ढग नाही. मग तिने दोन महिन्यांत पहिल्यांदा मान वळवली.

मागे समुद्र नव्हता. वाळू संपते तिथून धुक्याची करडी भिंत उभी होती, सरळ वर गेलेली. लाटांचा आवाज तिच्या आतून येत होता. म्हणूनच रोज तिचे केस ओले होत, वहीची पानं फुगत, आणि ती समुद्राच्या नावाने खडे फोडत असे. धुक्यातून एक लावा सुटला, डोक्यावरून फर्रकन गेला. ती किंचाळली. तो सरळ आठव्याच्या काचेकडे गेला. जाणारच की. सगळ्या करड्यात निळा तुकडा तेवढा एकच होता.

कोन, प्रकाश, काचेवरचा लेप. तिने एकेक कारण काढलं आणि एकेक टाकलं. मग काचेत स्वतःला शोधायला लागली. क्षितिज दिसतंय, वाळू दिसतेय, ही भिंतसुद्धा दिसतेय, फुटक्या कोपऱ्यासकट.

काचेतली भिंत रिकामी होती.

लांबून माणूस दिसत नसेल, असं ती मोठ्याने म्हणाली. फुटका कोपरा तिच्या तळहाताएवढा होता.

४

"किल्ली देतो," शाझली म्हणाला, "पण मी लिफ्टपाशीच थांबेन. दोन उन्हाळे झाले, मालक फिरकला नाही. श्रीमंतांचं असंच. घर घेतात आणि विसरतात, जसा आपण रुमाल विसरतो."

"भिता?"

"भितो की. तू नाही भीत?"

"मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे."

"मग हातातली किल्ली का वाजतेय?"

दुपार होती, बाहेर लख्ख ऊन. दार उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास आला. दिवाणखाना मोठा होता, सोफ्यांवर पांढऱ्या चादरी, झुंबर जुन्या कापडात बांधलेलं. भिंतीवर सोन्याच्या चौकटीत कुराणातली अक्षरं आणि शेजारी प्लास्टिकची द्राक्षं. एवढा पैसा आणि ही आवड, असं तिने मुद्दाम मनात म्हटलं. तुच्छ मानायला काही सापडलं की तिला नेहमी बरं वाटायचं. जमिनीवर धूळ जाड होती. तिच्या पावलांआधी त्यावर कसलंही पाऊल नव्हतं.

मधली काच एकसंध होती, छतापासून जमिनीपर्यंत, चौकटीत पक्की बसवलेली. सरकायची सोय नाही, कडी नाही. जवळ गेल्यावर तिला ठसे दिसले.

होला जोरात आपटला की त्याच्या अंगावरची पिसांची भुकटी काचेला चिकटते आणि त्याचं चित्र उमटतं. पसरलेले पंख, छाती, कधी डोळ्याचं वर्तुळसुद्धा. तिने असे पुष्कळ ठसे पाहिले होते, बाहेरून. इथे वीस-पंचवीस होते, एकावर एक. तिने बोट लावलं.

बोटावर पांढरी भुकटी आली.

ती बोटाकडे बघत राहिली. काच मध्ये असताना पलीकडचा ठसा अलीकडे पुसला जात नाही, हे सांगायला नववीही पास व्हावं लागत नाही. खोलीत कुठून पक्षी शिरला असेल. पंचवीस शिरले असतील. मग मेलेले कुठे आहेत? धुळीवर एक पीस नाही.

तेवढ्यात काच वाजली. हलकेच, नखाने वाजवावी तशी. बाहेर रिकामं आभाळ. पुन्हा एकदा वाजली, जरा खाली, तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

लिफ्टपाशी पोचेपर्यंत तिची एक चप्पल मागे राहिली होती.  शाझली ती आणायला गेला नाही. तिने दार ओढून घेतलं होतं की नाही, हे त्याने लांबूनच मान लांबवून पाहिलं.

५

गुरुवारी धुकं समुद्रावर थांबलं नाही. वाळू ओलांडून बुर्जापर्यंत आलं आणि वरचे मजले गिळून बसलं. चौथ्याच्या वर काहीच दिसत नव्हतं, फक्त आठव्याची मधली काच सोडून. ती निळी होती, दिवा लावल्यासारखी.

डॉक्टर वगीह गाडीतून उतरले ते रुमालाने चष्मा पुसतच. आपण मैदानातली माणसं आहोत हे दाखवायला त्यांनीही विद्यापीठाचं खाकी जाकीट चढवलं होतं. त्याची घडीही मोडली नव्हती. खाली मात्र चकचकीत तपकिरी बूट.

"धुकं!" ते हात पसरून म्हणाले. "दिसतंय का, बाईसाहेब? याला धुकं म्हणतात. आज काय लिहिणार?"

"डॉक्टर, वर बघा. ती काच."

त्यांनी पाहिलं. पाहून चष्मा पुन्हा पुसला.

"आत कुणीतरी दिवा लावलाय."

"घर बंद आहे दोन वर्षं."

"मग या म्हाताऱ्याने लावलाय. तुम्ही दोघांनी मिळून हा तमाशा चालवलाय. किती दिलेस याला?"

"मला?" शाझली म्हणाला. "हिच्याकडे चहाचे सुटे नसतात, साहेब."

"किल्ली आण. तू इथेच बस, सफिनाज. त्या भिंतीवर. वर येऊन काही लपवायला मिळणार नाही."

"डॉक्टर, वर जाऊ नका." तिने त्यांची बाही धरली. "माझं नाव खोडा. खरंच खोडा. मी सही करते."

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला आपल्या बोलण्याची लाज वाटली. "ही भित्री पोर संशोधक व्हायला निघालीय," ते शाझलीला म्हणाले. शाझलीने किल्ली दिली. सोबत गेला नाही.

सात-आठ मिनिटांनी फोन वाजला आणि ती भिंतीवरून घसरलीच.

"काय घाण वास आहे इथे," डॉक्टर म्हणाले. "हं. दिवाबिवा काही नाही. आणि तुझं ते धुकं कुठे गेलं? उठलं वाटतं. लख्ख ऊन आहे. क्षितिजापर्यंत समुद्र दिसतोय."

सफिनाजने आजूबाजूला पाहिलं. धुकं आणखी खाली उतरलं होतं. तिला शाझलीचे पाय दिसत होते, गुडघ्यांच्या वर तो नव्हता.

"डॉक्टर, खाली धुकं आहे."

"मी डोळ्यांनी बघतोय आणि ही मला शिकवतेय! म्हणजे वेधशाळेतली माणसं गाढवं निघाली. तुझं बरोबर निघालं म्हणून नाचू नकोस. लिही. सहा चाळीस. निरभ्र. साक्षीला माझं नाव घाल."

तिने लिहिलं. 

"आणि ही काय झोपायची जागा आहे?"

"मी बसलेय, डॉक्टर."

"खोटं! इथून स्वच्छ दिसतेस. फरशीवर पालथी पडली आहेस, एक हात पोटाखाली. एका पायात बूटसुद्धा नाही. ऊठ! लोक काय म्हणतील?"

तिने आपले पाय पाहिले. दोन्ही बूट पायात होते.

"ती मी नाही."

"विद्यापीठाचं जाकीट ओळखता येत नाही का मला? आणि तो म्हातारा तुझ्यावर वाकून काय करतोय? हातात काय आहे त्याच्या? ए! ए, दूर हो तिच्यापासून! थांब, मी बाहेर वाकून ओरडतो त्याला..."

"डॉक्टर, ती काच उघडत नाही. ती बसवलेली आहे. डॉक्टर!"

फोनमधून वारा ऐकू आला. मोकळ्या समुद्रावरचा, स्वच्छ, उत्तरेचा वारा.

"उघडीच तर आहे," ते म्हणाले.

६

धप्प आवाज झाला तसा शाझली धावला. वर्षानुवर्षांची सवय. सुरी त्याच्या हातात होती, अल्लाचं नाव अर्धं तोंडात होतं, आणि तो खाली वाकलासुद्धा. मग तिथेच थिजला.

डॉक्टर पालथे पडले होते, एक हात पोटाखाली. एक तपकिरी बूट लांब, मांजरांच्या वाडग्यापाशी. कपाळ फुटलं होतं.

शाझलीने दोन बोटं त्यांच्या मानेला लावली आणि चटका बसावा तशी काढून घेतली.

"गार," तो म्हणाला. मग फरशीकडे बघून, फार हळू, "कोरडं."

मांजरं आली, हुंगून निघून गेली.

पोलीस अधिकारी तरुण होता आणि झोपेतून उठवल्याचा राग त्याच्या मिशीतसुद्धा होता. वर जाऊन आला. काच अभंग, चौकट पक्की, दार आतून लावलेलं, ते तोडावं लागलं. धुळीत चपलेची पावलं जाऊन परतली होती; बुटांची मात्र फक्त काचेपर्यंत जाणारी. परतीची नव्हती.

"काचेवर आतून कसलातरी मोठा ठसा आहे. पांढरा," तो म्हणाला. "गच्चीवरून पडला असणार हा माणूस. तू बघत होतीस ना? हवा कशी होती?"

सफिनाजने वही पुढे केली. त्याने वाचलं, धुक्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"निरभ्र? मला माझी गाडी दिसत नाहीये, पोरी."

"साक्षीला डॉक्टर आहेत," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं तसं लिहिलंय."

"वेडी आहे," तो शिपायाला म्हणाला, आणि वही तिच्या मांडीवर टाकून निघून गेला.

रकाना अजून पुरा भरायचा होता. अर्धा भरलेला रकाना विद्यापीठ मान्य करत नाही. तिने लिहिलं: एक. मजला आठवा. मग लेखणी बंद केली, आणि बघायचं नाही असं ठरवलेलं असूनही वर पाहिलं.

काचेत ऊन होतं. समुद्र निळा, क्षितिज रेघ मारल्यासारखं. आणि फुटक्या कोपऱ्याच्या भिंतीवर, समुद्राकडे पाठ करून, खाकी जाकिटातलं कुणीतरी बसलं होतं. मांडीवर वही, एक पाय उघडा. इतक्या दिवसांत डॉक्टर वगीह एकदाचे भिंतीवर येऊन बसले होते. मान वर करून ते तिच्याकडेच बघत होते, तिच्या चुका काढताना बघत तसे.

भिंतीच्या एका कडेला ते सरकून बसले होते. शेजारी एका माणसापुरती जागा सोडली होती.